मज्जारज्जू जेथे संपतो

‘कंबर धरली’, ‘उसण भरली’, ‘पायात कळ उतरते’, ‘नस दबली आहे’ ही वाक्ये साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात रोजची असतात. इतकी रोजची, की ऐकणाऱ्यांचे कान त्यांना सरावतात आणि सांगणारेही हळूहळू सांगणे सोडून देतात. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. कमरेचे बहुतेक दुखणे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. परंतु या नेहमीच्या दुखण्यांच्या गर्दीतून क्वचित एक दुखणे असे येते, की ज्यात तासांना महत्त्व असते. ते वेगळे कसे ओळखावे हे समजण्यासाठी कमरेच्या आत नेमके काय आहे, हे एकदा नीट पाहून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही; थोडे कुतूहल पुरेसे आहे.

कणा लांब, रज्जू आखूड

पाठीवरून बोट फिरवले असता जे उंचवटे हाताला लागतात, ती मणक्यांची मागची टोके होत. कण्यात साधारणपणे ३३ मणके मोजले जातात : मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखाली एकसंध झालेले त्रिकास्थीचे ५ आणि सर्वांत खाली माकडहाडाचे सहसा ४. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस हाडाचे एक कडे असते. ही कडी एकाखाली एक आली की एक बोगदा तयार होतो आणि मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या बोगद्यातून खाली उतरतो. त्याची जाडी साधारण करंगळीएवढी, वजन जेमतेम ३५ ग्रॅमच्या आसपास. हातापायांना जाणाऱ्या आज्ञा आणि तेथून येणाऱ्या स्पर्शाच्या, वेदनेच्या, गारव्याच्या वार्ता या एवढ्याशा दोरीतून ये-जा करतात.

हा रज्जू कण्याइतकाच लांब असून थेट माकडहाडापर्यंत पोचतो, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पुरुषांमध्ये त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये त्याहून थोडी कमी असते. कमरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या आसपास तो शंकूसारखा निमुळता होत संपतो. या टोकाला मज्जाशंकू म्हणता येईल. त्यापासून एक बारीक धागा खाली माकडहाडापर्यंत जातो; त्याचे काम रज्जूला जागच्या जागी धरून ठेवण्याचे. कमरेचे उरलेले मणके आणि संपूर्ण त्रिकास्थी यांच्या बोगद्यात मज्जारज्जू नसतोच.

असे का होते? गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत रज्जू आणि बोगदा यांची लांबी सारखीच असते. पुढे हाडे वेगाने वाढतात आणि रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचे टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असते आणि नंतर ते मोठ्या माणसाच्या पातळीवर स्थिरावते. पण रज्जूतून निघणारे तंतू ज्या मणक्याजवळून बाहेर पडायचे ते दार बदलत नाही. त्यामुळे वरून निघालेल्या तंतूंना आपापल्या दारापर्यंत बोगद्यातून लांबवर खाली यावे लागते.

नाव घोड्याच्या शेपटीचे

मज्जारज्जूतून एकूण ३१ जोड्या तंतू निघतात. त्यांपैकी शेवटच्या सुमारे १० जोड्या मज्जाशंकूच्या खाली एकत्र जुडग्याने उतरतात. शवविच्छेदनात हे जुडगे प्रथम पाहणाऱ्यांना त्यात घोड्याची शेपटी दिसली आणि तेच नाव रूढ झाले. मराठीत त्याला अश्वपुच्छ म्हणतात. ज्यांनी परळच्या बैलघोडा रुग्णालयाच्या दारात व्हिक्टोरियाचे घोडे उभे असलेले पाहिले असतील, त्यांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे तंतू एका पातळ पिशवीत, पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात तरंगत असतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती असणारा हाच द्रव होय; मोठ्या माणसात तो एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतो. पिशवी त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याजवळ संपते.

प्रत्येक तंतूचे काम ठरलेले आहे. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या जोडीमुळे गुडघा ताठ होतो. पाचव्या जोडीमुळे पायाचा अंगठा आणि पाऊल वर उचलले जाते. त्रिकास्थीच्या पहिल्या जोडीमुळे आपण टाचा उचलून चवड्यांवर उभे राहतो. मांडीमागून पोटरीकडे जाणारी, ‘सायटिका’ या दुखण्यामुळे घरोघरी परिचित झालेली शरीरातील सर्वांत जाड नस याच तंतूंपैकी काहींच्या एकत्र येण्याने बनते. म्हणूनच बिघाड कमरेत असतो आणि कळ मात्र पोटरीत येते.

आता ज्यांच्याविषयी आपण घरात सहसा बोलत नाही, ते तंतू. त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जोडीकडे मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रिये यांचा कारभार असतो. मूत्राशय भरल्याची जाणीव, लघवी रोखणे आणि सोडणे, शौचावरील ताबा, तसेच सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो त्या भागाचा स्पर्श, हे सारे त्यांच्या हाती असते. अश्वपुच्छात हे बारीक तंतू साधारण मधोमध असतात. ही जागा लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

कमरेत सुई टोचतात तेव्हा

‘कमरेतून पाणी काढणार’ किंवा ‘कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणार’ असे डॉक्टरांनी म्हणताच घरातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर भीती उमटते. सुई मज्जारज्जूत घुसली तर माणूस कायमचा लुळा होईल, ही ती भीती. आपण आताच पाहिलेली रचना या भीतीचे उत्तर आहे.

ही सुई कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या, किंवा चौथ्या व पाचव्या मणक्याच्या मधून घालतात. तेथे मज्जारज्जू नसतो. असतात ते द्रवात तरंगणारे सुटे तंतू, आणि सुईचे टोक जवळ आले तर ते बहुधा बाजूला सरकतात. जागा शोधण्याची खूणही सोपी आहे. दोन्ही बाजूंची कमरेची हाडे जेथे सर्वांत उंच असतात, ते बिंदू पाठीवरून आडव्या रेषेने जोडले की ती रेषा चौथ्या मणक्याच्या आसपास येते. रुग्णाला गुडघे पोटाशी घेऊन, पाठ बाहेर काढून निजायला सांगतात ते मणक्यांमधील फट रुंद व्हावी म्हणून.

हाइनरिश क्विन्के यांनी जर्मनीतील कील या शहरात १८९१ साली ही पद्धत रूढ केली. त्याच शहरात ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली याच वाटेने औषध देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया केली. योगायोग असा, की मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापनाही त्याच वर्षीची. दादर पूर्वेला नायगाव परिसरातील त्याच्या वास्तूत वाचत बसणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांच्या खुब्याचे, हर्नियाचे किंवा प्रोस्टेटचे ऑपरेशन याच प्रकारच्या भुलीखाली झालेले असेल. या सुईनंतर काहींचे डोके काही दिवस दुखते. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी अशी ती डोकेदुखी असते आणि तिच्यावर उपाय आहे. परंतु वर्षानुवर्षे टिकणाऱ्या पाठदुखीचा दोष त्या सुईला देणे सहसा योग्य ठरत नाही. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांना आठवणीने सांगावी.

जिना उतरताना पाय का भरून येतात?

नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. येथे त्यांची संख्या ४२. तळमजला आणि वर तीन मजले, मधला लांब पॅसेज, प्रत्येक मजल्यावर सामायिक शौचालय आणि उद्वाहनाचा पत्ता नाही, अशी ही रचना. आता त्यांचा पुनर्विकास सुरू आहे, पण आयुष्यभर हे जिने चढ-उतार केलेल्या पिढीकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : “चढताना तितके काही होत नाही, उतरताना पाय भरून येतात.”

ऐकताना ही तक्रार उलटी वाटते. पण तिच्यामागे ठोस कारण असू शकते. वयानुसार मणक्यांमधील गाद्या झिजतात, सांध्यांवर हाड वाढते, आतले बंध जाड होतात आणि बोगदा अरुंद होतो. डॉक्टर त्याला लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. पुढे वाकले की बोगदा थोडा रुंदावतो, ताठ उभे राहिले किंवा मागे झुकले की आणखी अरुंद होतो. जिना चढताना आपण पुढे झुकतो, उतरताना पाठ ताठ ठेवतो. म्हणूनच अशा व्यक्तीला लालबागच्या गणपतीच्या रांगेत उभे राहणे असह्य होते, पण बाजारात हातगाडीच्या कडेवर रेलून भाजी निवडणे जमते. थोडे चालल्यावर पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि बसले किंवा कठड्यावर पुढे ओणवे झाले की काही मिनिटांत बरे वाटते.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. परंतु तेव्हा नुसते थांबून उभे राहिले तरी कळ थांबते. बसण्याची किंवा वाकण्याची गरज पडत नाही. मधुमेह असणाऱ्यांना आणि तंबाखूचे व्यसन असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. हा फरक आपण नीट सांगितला, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

अरुंद बोगद्याचे हे दुखणे बहुधा सावकाश वाढते. व्यायाम, औषधे, काठीचा आधार आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांचा निर्णय शांतपणे घेता येतो. एमआरआयच्या अहवालात ‘गादी सरकली आहे’, ‘झीज झाली आहे’ असे शब्द वाचून घाबरू नये. काहीही त्रास नसलेल्या ज्येष्ठांच्या एमआरआयमध्येही असे बदल सर्रास आढळतात.

मधले तंतू दबले तर

आता मघाचे मधोमध असणारे बारीक तंतू आठवावेत. गादी एका बाजूला सरकली तर त्या बाजूचा एखादा तंतू दबतो आणि एका पायात कळ येते. पण गादीचा मोठा तुकडा मधोमध बाहेर आला, किंवा आधीच अरुंद असलेल्या बोगद्यात थोडी जरी भर पडली, तर संपूर्ण अश्वपुच्छ आवळले जाते. हाडात पसरलेली कर्करोगाची गाठ, मणक्याचा क्षय किंवा अन्य जंतुसंसर्ग, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना आत झालेला रक्तस्राव ही त्याची आणखी काही कारणे. ठिसूळ झालेल्या हाडांचे मणके पडल्यामुळे, कधी तर नुसत्या धक्क्यानेही दबतात. असे अस्थिभंग पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका येथे विशेष आढळतात; म्हणजे नेमके मज्जाशंकूच्या शेजारी.

अश्वपुच्छ दबल्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत. यांपैकी एक जरी नव्याने दिसली, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिली : जांघेत, गुदद्वाराभोवती, जननेंद्रियांवर किंवा ढुंगणाच्या बैठकीच्या भागावर बधिरपणा.

दुसरी : लघवीत नवा बदल. लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, धार मंदावणे, भरल्याची किंवा झाल्याची जाणीव नसणे, नकळत होणे.

तिसरी : शौचावरील ताबा सुटणे, किंवा शौच झाल्याची जाणीव न होणे.

चौथी : दोन्ही पायांत कळ, मुंग्या किंवा अशक्तपणा, पाऊल घासत चालणे, चालताना पायातून चप्पल निसटणे आणि ते लक्षातही न येणे.

यांत सर्वांत फसवी खूण लघवीची. मूत्राशय तुडुंब भरले की निरोगी माणसाला ते सहन होत नाही. येथे मात्र जाणीव नेणारा तंतूच दबलेला असल्याने मूत्राशय भरूनही दुखत नाही. शेवटी जास्तीची लघवी थेंबथेंब बाहेर पडू लागते. घरातल्यांना वाटते, ‘आजोबांचा ताबा सुटला, वयच झाले’ आणि त्यांना डायपर बांधला जातो. आजोबांच्या बाबतीत प्रोस्टेटवर आणि आजींच्या बाबतीत ‘बाळंतपणांचा परिणाम’ म्हणून दोष ढकलला जातो. ती कारणे असतीलही; परंतु कंबरदुखी किंवा पायातील कळ वाढत असताना हा बदल काही तासांत अथवा दिवसांत झाला असेल, तर डायपर बांधण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. बांधलेला डायपर खूण झाकून टाकतो.

विचारावे कसे?

आपल्याकडे वडीलधारी माणसे हे आपणहून सांगत नाहीत. सुनेला सासऱ्यांना विचारणे अवघड वाटते, मुलाला आईला विचारताना शब्द सापडत नाहीत. चाळीच्या खोलीत तर बोललेले सर्वांना ऐकू जाते. म्हणून प्रश्न साधा आणि रोजच्या व्यवहारातला असावा. “बाबा, धुताना पाण्याचा गारवा आणि हाताचा स्पर्श नेहमीसारखा जाणवतो का?” या एका प्रश्नात बधिरपणाची बरीचशी तपासणी होते. दुसरा प्रश्न : “लघवी भरल्याचे कळते का, आणि झाल्यावर मोकळे वाटते का?” तिसरा : “चप्पल पायात नीट राहते ना?”

ज्येष्ठ वाचकांनो, आपणांसाठीही एक शब्द. हे सांगण्यात संकोचण्यासारखे काही नाही. एरवी आपण गुडघा दुखतो म्हणून सांगता, तसेच हे सांगायचे. आपण न सांगितलेल्या दोन दिवसांची किंमत पुढे आपल्यालाच आणि आपली शुश्रूषा करणाऱ्यांना मोजावी लागू शकते.

रुग्णालयात काय होते?

नायगावकरांना परळचे केईएम रुग्णालय जवळ. १९२६ पासून ते या गिरणगावाच्या सेवेत आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही लांब नाही. अन्यत्र राहणाऱ्यांनी अस्थिव्यंग किंवा न्यूरोसर्जरीचा विभाग आणि एमआरआयची सोय असलेले जवळचे मोठे रुग्णालय कोणते, हे आधीच माहीत करून ठेवावे. रुग्णाला चालवत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे न राहता थेट आपत्कालीन विभागात जावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे : “कंबर दुखते आहे, आणि कालपासून लघवीची जाणीव गेली आहे.” नुसते “कंबर दुखते” असे सांगितले, तर आपली गणना नेहमीच्या कंबरदुखीत होण्याचा संभव असतो.

तेथे डॉक्टर पायांची ताकद पाहतील, बैठकीच्या भागावर हलके टोचून संवेदना तपासतील आणि गुदद्वारात बोट घालून तेथील पकड पाहतील. ही तपासणी नकोशी वाटली तरी नाकारू नये. तिच्यातून त्रिकास्थीच्या तंतूंची थेट खबर मिळते. लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते, हे सोनोग्राफीने पाहतात. त्यानंतर तातडीने एमआरआय. गादीचा तुकडा किंवा हाड यांचा दाब असेल, तर मणक्याच्या कड्याचा मागचा भाग काढून तंतू मोकळे करतात. क्षय, गाठ किंवा रक्तस्राव असेल तर त्याप्रमाणे उपचार ठरतात.

वेळ का महत्त्वाची? दाब जितका तीव्र आणि दीर्घ, तितकी तंतूंची इजा खोल. लघवीवर थोडाफार ताबा शिल्लक असताना जे रुग्ण पोचतात, त्यांचा ताबा परत येण्याची आशा अधिक असते. लघवी पूर्ण अडून थेंबथेंब गळू लागल्यावर पोचणाऱ्यांची आशा कमी होते. शस्त्रक्रियेनंतरही सुधारणा सावकाश, कित्येक महिने होत राहते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तरी फिजिओथेरपी आणि मूत्राशयाची काळजी सोडू नये.

काय करू नये?

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा किंवा नातवाला पाठीवर चालवायचे, हे उपाय आपल्याकडे जुने आहेत. ठिसूळ हाडांच्या ज्येष्ठांनी ते करू नयेत. वर सांगितलेल्या खुणा असतील तेव्हा तर मालीश, झटका देणे, कंबर ‘बसवून घेणे’ यांपैकी काहीही करू नये. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. भाजलेले कळत नाही. जेथे कर्करोगावर पूर्वी उपचार झाले आहेत, वजन घटते आहे, ताप येतो आहे किंवा रात्री निजल्यावर कंबर अधिक दुखते, तेथे ‘वयाचे दुखणे’ म्हणून स्वस्थ बसू नये.

आणि यांपैकी काहीच नसेल, तर साध्या कंबरदुखीत दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहू नये. झेपेल तितके हिंडतेफिरते राहिल्याने ती लवकर आटोक्यात येते.

आजच्या दिवसात एवढे करावे : धुतानाचा स्पर्श, लघवीची जाणीव आणि पायातील चप्पल, हे तीन प्रश्न घरातील एका कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवावेत. सोबत जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू असलेल्या औषधांची यादी ठेवावी. ज्या दिवशी कंबर नेहमीपेक्षा वेगळी दुखेल, त्या दिवशी तो कागद उघडावा आणि उत्तर शंकास्पद वाटले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.